डावं-उजवं

मला डावं-उजवं कळत नाही. म्हणजे कळतं, पण लगेच नाही. कुणी "पुढे जाऊन उजवीकडे वळा" म्हटलं की माझ्या हाताची तर्जनी हवेत बारीकसा 'क' काढते. ज्या बोटाला तो न अडखळता काढता आला तो लिहायचा हात, लिहायचा हात म्हणजे उजवा, म्हणून ती बाजू उजवी. ही सगळी वरात मुक्कामी पोचेपर्यंत पुढचा माणूस वळून दिसेनासा झालेला असतो. शाळेत कवायतीच्या तासाला अख्खी रांग एकीकडे वळायची आणि मी शेजारणीच्या नाकाला नाक लावून उभी. पुढे मी त्या बोटात इतकी सफाई आणली की ते हलतं हे कुणाच्या लक्षात येईना. घरच्यांच्यासुद्धा. निदान माझी तरी तशी समजूत होती.

अशा बाईने वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी जो खेळ धरला, त्यात थोड्या थोड्या अंतरावर पाट्या उभ्या असतात आणि त्यातल्या बऱ्याचशा डावीकडे नाहीतर उजवीकडे वळायला सांगतात. डाव्या पायाशी कुत्रं, हातात पट्टा आणि बघायला माणसं. खेळाचं नाव रॅली ओबिडियन्स. थोडक्यात, रॅली.

मी तिथे गेले ती खेळायला गेलेच नव्हते. झिपरी माझ्याकडे आली तेव्हा दोन वर्षांची होती. जात विचाराल तर सांगता यायची नाही. कान एका खापरपणजीचे, शेपूट दुसऱ्याच कुणाची, आणि डोळ्यांवर सतत येणारी केसांची झालर, तिच्यावरून नाव. स्वभावाने गोड. पण पट्टा लावून बाहेर पडलो की आमची रस्सीखेच सुरू. ती पुढे, मी मागे, मध्ये ताणलेला पट्टा आणि माझा खांदा. सहा महिन्यांत खांद्याने असहकार पुकारला तेव्हा कुणीतरी एका प्रशिक्षक ताईंचं नाव सुचवलं.

ताईंनी पहिल्या दिवशी काहीच शिकवलं नाही. आम्हा दोघींना मैदानावर इकडून तिकडे चालायला लावलं आणि स्वतः हाताची घडी घालून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती ओढत नाहीये हो. तुमचा बेत तिला कळत नाहीये, म्हणून ती आपला करतेय."

मला हे जरा लागलं. बेत तर माझा मलाही कळलेला नसायचा.

त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाट्या मांडलेल्या होत्या. गुडघ्याएवढ्या उंचीच्या, वर क्रमांक, खाली बाणांची चित्रं. एक आजोबा आपल्या जाडगेल्या लॅब्राडोरशी गप्पा मारत त्यांतून चालले होते. मध्येच थांबले, लॅब्राडोर बसला. पुन्हा चालले, एका शंकूला वळसा घातला, गप्पा चालूच. "शाब्बास रे, ये, ये, इकडे, हां!" असं ते पूर्ण वेळ बोलत होते आणि त्याला कुणाची हरकत नव्हती. मी ताईंना विचारलं, हे काय चाललंय? त्या म्हणाल्या, हीच तर तुमची औषधाची बाटली.

बाटलीवरचं लेबल मी घरी येऊन वाचलं. कुत्र्यांच्या आज्ञापालनाच्या स्पर्धा जुन्या आहेत. अमेरिकेत हेलन व्हाइटहाउस वॉकर नावाच्या बाईंनी १९३३ साली माउंट किस्को इथे अशी पहिली चाचणी भरवली. त्यांच्याकडे पूडल होते आणि पूडल म्हणजे नुसतं शोभेचं कुत्रं, हे लोकांचं म्हणणं त्यांना खोडून काढायचं होतं. आठ कुत्री उतरली होती. १९३६ पासून अमेरिकन केनेल क्लबने या स्पर्धा आपल्या छत्राखाली घेतल्या. त्यांचा बाज मात्र कडक. परीक्षक "पुढे", "थांबा", "डावीकडे वळा" असं एकेक सांगणार, तुम्ही ते करणार, आणि एका हुकुमापलीकडे कुत्र्याशी चकार शब्द बोलायचा नाही. चार्ल्स 'बड' क्रेमर या गृहस्थांना वाटलं की याच्यात जरा मोकळीक हवी. त्यांनी मोटारींच्या रॅलीवरून कल्पना घेतली. गाडीवाले जसे वाटेतल्या खुणा बघत स्वतःच्या हिशेबाने पुढे जातात, तसं इथे पाट्या बघत जायचं. परीक्षक सुरुवातीला फक्त 'फॉरवर्ड' म्हणतो आणि गप्प होतो. त्यानंतर शेवटच्या पाटीपर्यंत तुम्ही आणि तुमचं कुत्रं. अमेरिकन केनेल क्लबने २००५ पासून रॅलीसाठी किताब द्यायला सुरुवात केली, आणि २०१० पासून मिश्र जातीच्या कुत्र्यांनाही दार उघडलं. हे शेवटचं वाचून मी झिपरीला ते मोठ्याने ऐकवलं. ती शेपटीतला काटा काढण्यात गुंग होती.

नियम संस्थेगणिक थोडेफार बदलतात. मी लिहितेय ते त्याच क्लबचे, कारण ताई त्यांचंच पुस्तक धरून शिकवतात. अगदी खालची पातळी नोव्हिस. तिच्यात दहा ते पंधरा पाट्या असतात, त्यांतल्या तीन ते पाच ठिकाणी कुत्र्याला थांबून काहीतरी करायचं असतं. पट्टा लावावाच लागतो, पण तो सैल हवा, इंग्रजी 'जे' अक्षरासारखा झोळ पडलेला. सुरुवातीला तुमच्या खात्यात शंभर गुण असतात आणि चुकाल तसे ते कापले जातात. पट्टा ताणला की एक गुण गेला, पाटी पुन्हा करून बघितली की तीन, पाटी चुकीचीच केली की दहा. सत्तरपर्यंत टिकलात तर पास. किताबासाठी असं तीनदा पास व्हावं लागतं, निदान दोन वेगवेगळ्या परीक्षकांसमोर. बोला, टाळ्या वाजवा, मांडीवर थापट्या मारा, सगळं चालतं. कुत्र्याला हात लावायचा नाही, रिंगणात खाऊ न्यायचा नाही आणि खेकसायचं नाही. वेळ मोजतात, पण ती दोघांचे गुण सारखे झाले तरच बघतात.

किती सोपं, असं मला वाटलं. चालायचंच तर आहे!

मग मी '२७० राइट'ची पाटी बघितली.

या पाटीवर एक बाण खालून वर जातो, उजवीकडे गरकन वळसा घेतो आणि स्वतःलाच ओलांडून डावीकडे निघून जातो. म्हणजे तुम्ही उजवीकडे वळायला लागायचं, वळतच राहायचं, पाऊण वर्तुळ पुरं करायचं आणि शेवटी तोंड डावीकडे. ज्या बाईला साधं उजवं शोधायला हवेत बाराखडी काढावी लागते, तिला हे म्हणजे उजवीकडून डावीकडे जाण्याचं तर्कट. मी पाटीसमोर उभी राहून 'क' काढला, वळायला लागले आणि अर्ध्या वाटेत आपण कुठल्या बाजूला तोंड करणार होतो तेच विसरले. झिपरी माझ्याभोवती दोनदा फिरली. पट्टा माझ्या घोट्यांना गुंडाळला गेला. ताई म्हणाल्या, "झिपरीला बांधून ठेवा तिकडे. आधी तुम्ही शिका."

पहिले तीन आठवडे मी कुत्र्याविना कुत्र्याचा खेळ शिकले. पाट्या कागदावर छापून प्लास्टिकच्या पाकिटात घातल्या आणि घरातल्या बोळातून, मग गच्चीवर, डाव्या खांद्याला पिशवी अडकवून चालायला लागले. पिशवी म्हणजे झिपरी. उजवीकडे वळताना पिशवी बाहेरून येते, म्हणजे तिला लांबचा पल्ला, म्हणजे आपण पावलं आखूड टाकायची आणि तिला पोचायला वेळ द्यायचा. डावीकडे वळताना ती आतल्या बाजूला अडकते आणि आपण थेट तिच्या अंगावर जातो, तेव्हा आधी किंचित मंद व्हायचं, तिला मागे सरकायला जागा करायची आणि मग वळायचं. शंकूंभोवतीचे जे फेरे असतात, स्पायरल, त्यांची नावंही याच्यावरूनच आहेत. उजवा स्पायरल, कुत्रं बाहेर. डावा स्पायरल, कुत्रं आत. हे मला पाठ झालं ते पिशवीमुळे. तिने मला एकदाही चावलं नाही, ओढलं नाही, आणि दोनदा तिच्यातून किल्ल्या सांडल्या.

माझी भाची, वय वर्षं चौदा, या काळात परीक्षक झाली. "मावशी, तू वळायच्या आधीच खांदे फिरवतेस," असं ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी तिला पिटाळलं. नंतर ताईही तेच म्हणाल्या, तेव्हा ऐकावं लागलं. आपण कुठे वळणार हे आपले खांदे आणि पावलं आधीच सांगून टाकतात. माणूस ते वाचत नाही, कारण त्याला शब्द ऐकायचे असतात. कुत्रं मात्र तेवढंच वाचतं.

याचा पुरावा मला एका भलत्याच ठिकाणी मिळाला. झिपरीला मराठीत शिकवायचं, असं मी सुरुवातीला मोठ्या अभिमानाने ठरवलं होतं. सगळे 'सिट' म्हणतात, आपण 'बस' म्हणू. ती दोन दिवसांत शिकली. मग मी फोनवर कुणाला तरी म्हणाले, "बस झालं आता," आणि मागे धप्प आवाज आला. कुणी विचारलं, "बस आली का गं?" धप्प. आपण दिवसभरात किती वेळा 'बस' म्हणतो ते घरात तो शब्द शिकलेलं कुत्रं असल्याखेरीज कळत नाही. बिचारी बसायची, वर बघायची, खाऊ काही यायचा नाही. आठवड्याभरात तिने त्या शब्दाचा नाद सोडला. तिच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. 'चल'ची गत तर त्याहून वाईट. "चल, ठेवते," "चल, काहीतरीच काय," "चला, आटपा." शेवटी 'सिट' आणि 'डाऊन' घेतले मुकाट्याने, आणि डाव्या पायाशी लागून चालण्यासाठी 'सोबत' हा शब्द निवडला, जो आमच्या घरात एरवी कुणी उच्चारत नाही.

पण मुद्दा तो नाही. 'डाऊन' तिला चांगलं येतं अशी माझी खात्री होती. ताईंनी मला दोन्ही हात पाठीमागे घ्यायला लावले, ताठ उभं केलं आणि म्हणाल्या, आता म्हणा. मी म्हटलं, "डाऊन." झिपरीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला कुणा तिऱ्हाइताचा पत्ता विचारतेय. पुन्हा म्हटलं. तिने मान तिरकी केली. मग माझी कंबर जेमतेम चार बोटं वाकली आणि ती तत्काळ आडवी. सहा महिने ती 'डाऊन' हा शब्द शिकलीच नव्हती. ती माझी कंबर शिकली होती. शब्द आणि हातवारा एकाच वेळी दिला की कुत्रं हातवारा उचलतं आणि शब्द वाऱ्यावर जातो. शब्द शिकवायचा असेल तर तो आधी, अंग पूर्ण स्थिर ठेवून, मग क्षणभर थांबायचं, मग हात. असं शे-दीडशे वेळा केल्यावर शब्दाने हाताची चाहूल लागते आणि ती हाताची वाट न बघता आडवी होते. बोलणं आणि हलणं वेगळं करणं मला फार जड गेलं. मी हातवारे करत बोलणाऱ्या घराण्यातली आहे.

खाऊचंही तसंच. खाऊ कशाबद्दल दिला हे आपल्याला महत्त्वाचं वाटतं, आणि कुत्र्याला तो कुठे मिळाला हे तितकंच महत्त्वाचं. मी उजव्या हाताने, पोटासमोरून, झिपरीला तुकडा द्यायचे. तो घ्यायला तिचं तोंड माझ्यासमोर यायचं आणि तोंड आत आलं की मागचं धड बाहेर. काही दिवसांत ती खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली. मी तिच्या पाठीला दोष देत होते, कुणा डॉक्टरकडे न्यावं का, इथवर गेले होते. ताईंनी फक्त एवढं केलं की तुकडा डाव्या हातात घ्यायला लावला आणि विजारीच्या डाव्या शिवणीला हात चिकटवून तिथेच द्यायला लावला. वाटाण्याएवढा तुकडा, शिवणीपाशी, दर दोन-तीन पावलांना. मग पाच पावलांना. मग कधी तीन, कधी दहा. चार दिवसांत खेकडा सरळ झाला.

मागच्या पायांचा आणखी एक किस्सा सांगते आणि मग स्पर्धेकडे वळते. कुत्र्याला आपल्याला मागचे पाय आहेत याची फारशी दखल नसते. पुढचे पाय जातात तिकडे ते येतात, इतकंच. पण जागच्या जागी वळायचं तर मागचं धड स्वतंत्र हलवता यावं लागतं. त्यासाठी एक घमेलं पालथं घातलं, वर जुनं पायपुसणं चिकटवलं, आणि झिपरीला त्यावर पुढचे दोन पाय ठेवायला शिकवलं. मग मी तिच्याकडे एक पाऊल सरकायची आणि ती कशी हलते ते बघायची. पहिल्या दिवशी ती नुसती घमेल्यावर उभी राहून राणीसारखी इकडेतिकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी सरकले आणि तिचा मागचा एक पाय, उजवा की डावा मला विचारू नका, उचलला गेला, हवेत तसाच राहिला आणि मग कुणीतरी दुसऱ्याने ठेवावा तसा थोडा पलीकडे ठेवला गेला. तिने दचकून मागे वळून बघितलं. हा कोण? मी इतकी हसले की खाऊ द्यायचा राहिला. आता ती घमेल्याभोवती घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. घमेलं नसलं तरी फिरते.

सराव रोजचा, पण फार तर पाच मिनिटांचा. घरात जमलेलं गच्चीवर जमत नाही, गच्चीवर जमलेलं मैदानावर जमत नाही. याचा मला राग यायचा. काल आलेलं आज कसं विसरते ही? ती विसरत नव्हती. बोळातलं 'सिट' आणि मैदानातलं 'सिट' या तिच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि दुसरी अजून तिला कुणी शिकवलीच नव्हती.

तिचा उंडारपणाही तसाच मला उशिरा कळला. पाट्यांमधून चालताना पाच-सहा पाट्यांनंतर ती हमखास गवत हुंगायला लागायची. नाक जमिनीला, माझ्याकडे पूर्ण दुर्लक्ष. मी आवाज चढवायचे, "झिपरे, इकडे!" ती आणखी खोल हुंगायची, मग थांबून कान खाजवायची, मग जांभई. मी म्हणायचे, बघा, कंटाळली. ताई म्हणाल्या, "जांभई झोपेची नाहीये. तुमच्या आवाजाची आहे." जांभई, नाकावरून जीभ फिरवणं, एकाएकी सुटलेली खाज, उगाच हुंगणं, ही कुत्रं अवघडल्याची लक्षणं असतात. आणि ती अवघडायची कारण सहाव्या पाटीपाशी मी अवघडायचे. मला पुढची पाटी दिसायची, तिच्यावर बाण असायचा, माझा श्वास अडकायचा, पावलं जड व्हायची. झिपरीला एवढंच कळत होतं की शेजारच्या बाईला काहीतरी भयंकर दिसलंय. अशा वेळी शहाणं कुत्रं गवत हुंगतं.

ओबिडियन्स हा शब्दच मला त्यानंतर खटकायला लागला. आज्ञा कसली न् पालन कसलं! नाव बदलणं माझ्या हातात नाही, पण मी घरात या प्रकाराला 'पाट्या' म्हणते. "आज पाट्या आहेत," म्हटलं की झिपरी दाराशी.

सात महिन्यांनी ताईंनी सरावाची एक छोटी स्पर्धा ठेवली. किताब वगैरे काही नाही, पण नियम सगळे खरे. खरं तर घरबसल्याही भाग घेण्याची सोय मध्यंतरी झाली आहे. २०२० साली, माणसं एकत्र जमणं बंद होतं तेव्हा, त्या क्लबने व्हिडिओ पाठवून नोव्हिसमध्ये उतरायची योजना काढली. मला तोच मार्ग बरा वाटत होता. गच्ची, मी, झिपरी, भाचीचा फोन. ताई म्हणाल्या, "माणसांसमोर एकदा चुका, म्हणजे भीती जाईल." न चुकण्याची शक्यता त्यांनी विचारातच घेतली नव्हती.

स्पर्धेआधी कुत्र्यांशिवाय रिंगणात फिरून पाट्या बघायला दहा मिनिटं मिळतात. आम्ही आठ-नऊ जण शेजारी कुणी नसताना डाव्या हाताने हवा थोपटत, अदृश्य कुत्र्यांना शाबासकी देत फिरत होतो. बाहेरून बघणाऱ्याला काय वाटलं असेल कोण जाणे. दहा पाट्या होत्या. सातवी '२७० राइट'. मी तिच्यासमोर चार वेळा चालून बघितलं. आजोबा मागून म्हणाले, "पाटी तिच्यापाशी पोचल्यावर वाचू नका. मागची पाटी संपता संपता वाचा." हा सल्ला सोन्याचा होता आणि मी तो सहा पाट्यांपर्यंत पाळला.

'फॉरवर्ड' ऐकू आलं आणि निघालो. पहिल्या पाटीला थांबले, झिपरी बसली. उजवं वळण, छान. शंकूंमधून नागमोडी, छान. मी बोलत होते. काय बोलत होते ते नंतर व्हिडिओत ऐकलं, "हां, माझी बाय ती, हां, हां, आता इकडे," असली अखंड टकळी. चौथ्या पाटीला बसून आडवं व्हायचं होतं. ती बसली आणि आडवी होईना, गवत ओलं होतं. मी सांगितलं की पुन्हा करते, दोन पावलं मागे जाऊन परत आले, तेव्हा नाइलाज म्हणून टेकली. तीन गुण गेले. पाचवीला तिला पुढून बोलावून समोर बसवायचं, मग तिने माझ्या उजवीकडून मागे जाऊन डावीकडे यायचं. ती तर नाचतच आली, नाचतच गेली. लोक टाळ्या वाजवायला लागले आणि ते ऐकून ती त्यांच्याकडे वळली, पट्टा ताणला, एक गुण.

मग सहावी, मग सातवी, मग आठवी. सातवी इतकी सहज गेली की मला स्वतःचंच नवल वाटलं. ना पाय अडखळले, ना पट्टा गुंडाळला. तिथे एकदा पट्टा जरासा खेचला गेल्यासारखा वाटला, तेवढंच. दहावीनंतर मी झिपरीला कवेत घेतलं, तिने माझा चष्मा चाटला.

गुण आले पंच्याऐंशी. कागदावर चौथ्या पाटीपुढे तीन, पाचवीपुढे एक, आणि सातवीपुढे अकरा.

मी ताईंकडे गेले. सातवी तर उत्तम झाली होती! ताई हसल्या आणि भाचीकडे बोट दाखवलं. व्हिडिओत दिसतं ते असं. मी सातव्या पाटीशी येते आणि सरळ डावीकडे वळते. उजवा वळसा, पाऊण वर्तुळ, काही नाही. साधं डावं वळण. उजवीकडून २७० अंश फिरलं तरी तोंड शेवटी डावीकडेच होतं, म्हणून मी अगदी हव्या त्या दिशेला पोचले आणि पुढची आठवी पाटी नेमकी समोर आली. चुकले हे कळायला काही वावच नव्हता. दहा गुण त्याचे, आणि एक पट्ट्याचा, कारण वळताना मी झिपरीच्या अंगावर गेले आणि ती कशीबशी मागे सरकली.

घरी आल्यावर भाची तो व्हिडिओ पुनःपुन्हा बघत बसली होती. म्हणाली, "मावशी, इकडे ये. हे काय करतेस तू?"

तिने तो सावकाश चालवला होता. दुसरी पाटी, उजवं वळण. पट्टा माझ्या उजव्या हातात, पोटासमोरून झोळ पडून झिपरीच्या गळ्याशी गेलेला. वळायच्या दोन पावलं आधी माझी तर्जनी पट्ट्यावरून सुटते आणि हवेत काहीतरी गिरवते. बारीक, एवढंसं. तो 'क'. त्याबरोबर पट्ट्याचा झोळ जरासा हिंदकळतो, एक लहर त्याच्यातून झिपरीच्या गळ्यापर्यंत जाते, आणि माझे खांदे अजून सरळ असताना झिपरीचं पाऊल लांब पडतं. तिला बाहेरचा पल्ला गाठायचा असतो आणि ती आधीच निघालेली असते. पुढचं उजवं वळण, तेच. डाव्या वळणाला बोट पट्ट्यावरच, झोळ निश्चल, आणि झिपरी मागे, जागा धरून.

"आणि आता सातवी," भाची म्हणाली.

सातवीला मी भराभर येताना दिसते. पाटी आधी वाचलेली नाही हे तोंडावरून कळतं. झिपरी मान वर करून चाललीय, पण माझ्या चेहऱ्याकडे बघत नाहीये. तिचे डोळे पट्ट्यावर आहेत, माझ्या हातापाशी. बोट हलत नाही. ती एक पाऊल टाकते, बघते. दुसरं टाकते, बघते. मग माझा खांदा डावीकडे येतो आणि तिची धांदल उडते.

चाळीस वर्षं जे कुणाला दिसलं नव्हतं ते मी उघड्यावर पडलेलं बघत होते. भाचीला मी 'क'ची हकीकत सांगितली. तिला ती इतकी मजेदार वाटली की तिने लगेच आईला फोन लावला, म्हणजे आता सगळ्या घराला माहीत आहे.

फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "पण वरच्या पातळीला, ॲडव्हान्स्डला, पट्टा काढायचा असतो ना?"

"असतो."

"मग तिला कसं कळणार?"

संध्याकाळी गच्चीवर गेलो. एकच पाटी लावली, साधं उजवं वळण. पट्टा काढून कठड्यावर ठेवला. "सोबत," म्हटलं आणि निघाले. पाटी जवळ आली. मी बोट मुठीत घट्ट आवळून धरलं होतं, आणि झिपरी चालता चालता मान लांब करून, माझ्या पोटासमोरून पलीकडे वाकून, त्या मुठीकडे बघत होती.